लर्न्ड हेल्पलेसनेस नीट समजून घ्यायचं असेल तर आधी कागदावर तीन चौकोन काढा

सायकॉलॉजीचं पहिलं वर्ष असो नाहीतर नुसती आवड म्हणून वाचत असा, एक गोष्ट हमखास होते. कन्डिशनिंगचा चॅप्टर वेगळा पाठ होतो, मोटिव्हेशनचा वेगळा, ॲट्रिब्युशनचा वेगळा, आणि शेवटी डोक्यात ढीगभर व्याख्या जमा होतात पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध लागत नाही. मग पेपरात एखादा प्रसंग देऊन "यात कोणती संकल्पना दिसते" असं विचारलं की गाडी अडते, कारण व्याख्या पाठ असते पण ती समोर चालताना कशी दिसते हे कधी बघितलेलंच नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे, एकच प्रयोग घ्या, तो बारीकसारीक तपशिलासकट समजून घ्या आणि बाकीच्या संकल्पना त्यातूनच बाहेर काढा. आणि त्यासाठी लर्न्ड हेल्पलेसनेसच्या प्रयोगाइतका कामाचा प्रयोग मला तरी दुसरा सापडलेला नाही, कारण त्या एका खोलीत अर्धं इंट्रोडक्टरी सायकॉलॉजी येऊन बसलेलं आहे. लर्न्ड हेल्पलेसनेस म्हणजे आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही असा अनुभव आल्यावर, पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्नच सोडून देणं. मराठी पुस्तकात याला शिकलेली असहाय्यता किंवा अर्जित असहाय्यता म्हणतात, पेपरात तुमच्या पुस्तकातला शब्द लिहा, इथे मी सोयीचं पडेल ते वापरतो.

तर कागद घ्या आणि तीन चौकोन काढा. साल 1967, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी, मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर. कुत्र्यांचे तीन गट, प्रत्येक गटात 8 कुत्री. पहिल्या दिवशी कुत्र्याला कापडी झोळीसारख्या पट्ट्यात अडकवून ठेवायचं, त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅनल. पहिल्या चौकोनातल्या कुत्र्याला शॉक बसतो पण डोक्याने पॅनल दाबलं की शॉक बंद होतो. दुसऱ्या चौकोनातल्या कुत्र्यालाही शॉक बसतो, तितकेच, तितकाच वेळ, पण त्याचं पॅनल कशालाच जोडलेलं नाही, ते कितीही दाबलं तरी काही फरक पडत नाही, त्याचा शॉक बंद होतो तो पहिल्या गटाने मिळवलेल्या वेळेनुसार. तिसऱ्या चौकोनातल्या कुत्र्याला शॉक अजिबात नाही. असे 64 शॉक. पहिला गट पॅनल दाबायला भराभर शिकला, दुसऱ्या गटाने सुरुवातीला दाबून बघितलं आणि मग हळूहळू सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सगळी कुत्री शटल बॉक्समध्ये. हा म्हणजे एक मोठा खोका, मध्ये साधारण कुत्र्याच्या खांद्याएवढा अडथळा. दिवे मंद होतात, 10 सेकंदांनी एका बाजूच्या जमिनीतून शॉक सुरू होतो, उडी मारून पलीकडे गेलं की सुटका. म्हणजे आता तिन्ही गटांना सुटका शक्य आहे, हे विसरू नका. पहिला आणि तिसरा गट थोडी धावपळ करून शिकला. दुसऱ्या गटातल्या 8 पैकी 6 कुत्र्यांना मात्र जमलं नाही. ती सुरुवातीला इकडेतिकडे पळायची, आणि मग खाली बसून कण्हत शॉक सहन करत राहायची.

आता इथेच थांबून स्वतःला विचारा, दुसरा गट कशाला घेतला? पहिल्या आणि तिसऱ्या गटावर भागलं नसतं का? बहुतेक जण हा प्रश्न विचारतच नाहीत आणि उत्तरात लिहून येतात की "खूप शॉक दिल्यामुळे कुत्रे असहाय्य झाले". साफ चूक. पहिल्या गटालाही तेवढेच शॉक बसले होते की! त्रास दोघांना सारखाच होता, फरक एवढाच की एकाच्या हातात काहीतरी होतं आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. म्हणजे असहाय्यता त्रासामुळे येत नाही, आपण जे करतो आणि जे घडतं यांचा संबंध तुटल्यामुळे येते. हे एक वाक्य समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे, आणि हे नाही समजलं तर दहा पानं पाठ करूनही उत्तर अर्धवटच राहणार.

याच जागेवर प्रायोगिक पद्धतीचा चॅप्टरही उरकून घ्या. संशोधकाने बदललेली गोष्ट कोणती? शॉकवर ताबा असणं किंवा नसणं, ते स्वतंत्र चल (चल म्हणजे व्हेरिएबल). मोजलेली गोष्ट कोणती? उडी मारायला किती वेळ लागला, किती वेळा जमलं नाही, ते आश्रित चल. तिसरा गट कन्ट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला. आणि दुसरा तो योक्ड ग्रुप, म्हणजे पहिल्या गटाला बांधून टाकलेला, म्हणून शॉकचं प्रमाण सारखं राहिलं. चलांच्या व्याख्या घोकत बसण्यापेक्षा एका प्रयोगात ही बोटाने दाखवता येणं जास्त उपयोगाचं.

आता कन्डिशनिंग, म्हणजे अभिसंधान. शटल बॉक्समध्ये दिवे मंद होतात आणि मग शॉक येतो, तर थोड्या वेळाने नुसते दिवे मंद झाले तरी कुत्रा घाबरतो. हे झालं अभिजात अभिसंधान, पावलॉववालं, एक खूण दुसऱ्या गोष्टीची वर्दी देते. यात कुत्र्याने काही करण्याचा प्रश्नच नाही, दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या आणि शरीराने त्यांची जोडी लावली. दिवे म्हणजे अभिसंधित उद्दीपक (जोडी लागल्यामुळे भीती आणणारी खूण), शॉक म्हणजे अनभिसंधित (काही न शिकताही त्रास देणारा). पावलॉवच्या प्रयोगात नुसत्या खुणेने कुत्र्याला सुटणारी लाळ आणि इथली भीती एकाच रांगेत ठेवून बघा, लगेच पटेल.

पॅनल दाबलं की शॉक बंद, हे मात्र साधक अभिसंधान, स्किनरवालं, कारण इथे प्राण्याच्या कृतीचा परिणाम होतोय आणि त्या परिणामामुळे कृती वाढतेय. आणि इथेच तो दरवर्षी पोरांना छळणारा प्रश्न येतो, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट, मराठीत ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं लिहिणारे इतके असतात की वाईट वाटतं, कारण गोष्ट खरंच अवघड नाही, फक्त दोन प्रश्न विचारायचे. पहिला, वागणं वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. दुसरा, काही आलं की काही गेलं? आलं तर धन, गेलं तर ऋण. आता पहिल्या गटातला कुत्रा बघा, पॅनल दाबणं वाढलं म्हणजे प्रबलन, शॉक गेला म्हणजे ऋण, संपला विषय. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत टूं टूं वाजत राहतं आणि लावला की थांबतं, तेही हेच. आणि मोबाईल काढून घेतला म्हणून मुलाचं उशिरा येणं कमी झालं तर? वागणं कमी झालं, काहीतरी गेलं, म्हणजे ऋण शिक्षा. हे दोन प्रश्न नेहमी याच क्रमाने विचारा, आधी वागण्याचं बघायचं आणि मग आलं-गेलं, उलट केलं की गोंधळ ठरलेला.

दुसऱ्या गटाने पॅनल दाबणं सोडून दिलं ते विलोपन, कृतीला परिणामच नाही म्हणून कृती विझत गेली. पण विलोपन आणि लर्न्ड हेल्पलेसनेस एकच समजू नका. विलोपनात एक ठराविक कृती बंद पडते, प्राणी दुसरं काहीतरी करून बघतो. हेल्पलेसनेसमध्ये ते दुसरं करून बघणंच बंद पडतं, आणि तेही नव्या जागी, जिथे केलं असतं तर उपयोग झाला असता. झोळीत शिकलेलं खोक्यात आडवं आलं, म्हणूनच तर या प्रकाराला वेगळं नाव द्यावं लागलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील, तो बरेचदा एका ओळीत उरकला जातो. असहाय्य झालेल्या कुत्र्यांपैकी काहींनी अधूनमधून चुकून उडी मारली, सुटकाही झाली, आणि तरीसुद्धा पुढच्या वेळी परत बसून राहिली! साधारण कुत्रा एकदा चुकून सुटला की लगेच पकडतो की अरे, उडी मारली की थांबतं. यांच्या बाबतीत यश मिळूनही त्यातून काही शिकणं झालं नाही, कारण "मी केलं म्हणून झालं" ही जोडणीच आत बसत नव्हती. म्हणजे हेल्पलेसनेसमध्ये नुसता प्रयत्न कमी होत नाही, मिळालेलं यश वाचण्याची ताकदही जाते. कुणाला "अरे बघ ना, मागच्या वेळी जमलं होतं की तुला" असं सांगून काही फरक का पडत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

मग त्यांना बाहेर कसं काढलं? 1968 मध्ये सेलिगमन, मायर आणि गीअर यांनी करून बघितलं. अडथळा खाली केला, पलीकडून बोलावलं, पलीकडे खाऊ टाकला, कशानेच काम झालं नाही. शेवटी गळ्यात पट्टा बांधून कुत्र्याला अक्षरशः ओढत पलीकडे नेलं, एकदा नाही, कित्येकदा, आणि हळूहळू ओढायला जोर कमी लागायला लागला आणि मग ती आपणहून जायला लागली. म्हणजे पलीकडे गेलं की शॉक थांबतो हे अंगाने परत परत अनुभवावं लागलं. उलट बाजूही त्यांनी तपासली होती, ज्या कुत्र्यांना आधी सुटका करता येण्याचा अनुभव मिळाला होता ती नंतर सुटका नसलेले शॉक बसले तरी असहाय्य झाली नाहीत, एक प्रकारची लसच म्हणा.

(या मुक्या जनावरांना जे सोसावं लागलं ते वाचून त्रास होतो आणि व्हायलाच पाहिजे. आज असा प्रयोग करायचा तर नीतिमत्ता समितीपुढे कडक परीक्षा द्यावी लागते, पेपरात प्रयोगाचं मूल्यमापन मागितलं तर हा मुद्दा नक्की लिहा.)

माणसांचं काय? 1974 मध्ये हिरोटोने कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हेच तीन गट केले, शॉकच्या जागी मोठा कर्कश आवाज. एका गटाला बटण दाबून आवाज बंद करता येत होता, एकाला काही केलं तरी येत नव्हता, एकाला आवाजच नव्हता. नंतर सगळ्यांना नवं साधं काम दिलं, हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेला की आवाज थांबतो. ज्यांच्या हातात आधी काही नव्हतं त्यांच्यातले बरेच जण तसेच ऐकत बसले. आणि यात एक जादा गोष्ट दिसली, आयुष्यात जे होतं ते नशिबाने किंवा बाहेरच्यांमुळे होतं असं मानणारे लोक जास्त लवकर हातपाय गाळतात. ही रॉटरची लोकस ऑफ कन्ट्रोल, 1966 ची संकल्पना, मराठीत नियंत्रणस्थान, तीही याच प्रयोगाच्या खुंटीला टांगून ठेवा.

पण माणूस कुत्र्यासारखा नुसता सहन करत नाही, तो कारण शोधतो. म्हणून 1978 मध्ये एब्रमसन, सेलिगमन आणि टीसडेल यांनी थिअरी सुधारली आणि ॲट्रिब्युशन आत आणलं, म्हणजे अपयशाचं कारण माणूस स्वतःला काय सांगतो. तीन गोष्टी तपासायच्या: कारण माझ्यात की बाहेर, कायमचं की तात्पुरतं, सगळीकडे लागू की फक्त इथे. नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही, एक उदाहरण घेऊन फिरवून बघा. मुलगी गणितात नापास झाली. "मी ढच आहे" म्हणाली तर कारण तिच्यात, कायमचं आणि सगळीकडचं, सर्वांत वाईट, कारण आता ती इतिहासाचंही पुस्तक उघडणार नाही. "मला बीजगणित जमत नाही" हेही तिच्यात आणि कायमचं, पण निदान एका कोपऱ्यात अडकलेलं. "या वेळी मी सरावच केला नव्हता" हे तिच्यातच, पण तात्पुरतं, पुढच्या वेळी बदलता येणारं. "पेपर भलताच अवघड काढला होता" हे बाहेरचं. एकच मार्कशीट, चार वाक्यं, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक वाक्यानुसार वेगळे जाणार. स्वतःची अशी पाच-सहा वाक्यं लिहून काढा आणि तीन-तीन खुणा करा, या सरावाने हा चॅप्टर पक्का होतो.

बांडुराची सेल्फ एफिकसी, 1977, म्हणजे "हे मला जमेल" हा विश्वास, इथेच चिकटते. "रोज व्यायाम केला तर तब्येत सुधारते हे मान्य, पण माझ्याच्याने रोज होणार नाही" असं म्हणणाऱ्याची सेल्फ एफिकसी कमी आहे. "मी करीन हो रोज, पण त्याने काही होत नाही" म्हणणारा मात्र हेल्पलेसनेसच्या जवळचा. दोघंही सोफ्यावरच बसलेत, पण आतला अडथळा वेगळा, त्यामुळे उपायही वेगळा.

उपायावरून कॅरल ड्वेकचं 1975 चं काम. अपयश आलं की पूर्ण कोलमडणारी 12 मुलं घेतली. काहींना फक्त जमतील अशीच गणितं दिली, रोज यशच यश. बाकीच्यांना मधूनमधून न जमणारीही दिली आणि न जमल्यावर सांगितलं की प्रयत्न कमी पडला. नंतर अपयश आल्यावर यशवाली मुलं परत तशीच कोसळली, दुसरी टिकली. त्या चुकून उडी मारणाऱ्या कुत्र्यांशी हे जोडून बघा, नुसतं यश भरवून काम होत नाही. फक्त एक सांगतो, "अजून प्रयत्न कर" हे वाक्य जपून वापरा. पोराने खरंच जीव तोडून केलेलं असेल आणि पद्धतच चुकत असेल तर हेच वाक्य त्याला अजून खाली ढकलतं. तिथे "दुसऱ्या पद्धतीने करून बघू" म्हणायचं आणि ती पद्धत शेजारी बसून दाखवायची.

स्वतःवर किंवा घरच्या मुलावर हे वापरायचं असेल तर सुरुवात उलट प्रश्नाने करा, इथे खरंच काही हातात आहे का? काही परिस्थिती खरोखरच हाताबाहेर असतात, तिथे शांत बसणं हे परिस्थितीचं बरोबर वाचन आहे, त्याला हेल्पलेसनेस म्हणू नका. एखाद्याला घरात मारहाण होत असेल आणि तो बाहेर पडत नसेल तर त्याच्याकडे पैसा, जागा, सुरक्षितता आहे का हे आधी बघा, त्याच्या मनावर लेबल लावण्याची घाई फार अन्यायाची आहे.

हातात काही आहे असं दिसलं तर कामाचा इतका लहान तुकडा काढा की केलं आणि परिणाम दिसला यात फार तर काही मिनिटं जावीत. महिन्याभराने कळणारा परिणाम इथे उपयोगाचा नाही, जोडणी बसायला कृती आणि परिणाम जवळजवळ लागतात. एका प्रकारची पाच गणितं, लगेच उत्तर तपासायचं. आणि प्रत्येक वेळी मोठ्याने किंवा लिहून म्हणायचं की मी काय केलं म्हणून हे आलं, "पायऱ्या लिहून काढल्या म्हणून चूक सापडली" असं. बावळटपणा वाटेल, पण हरवलेली गोष्ट हीच आहे. मधूनमधून एखादं न जमणारं मुद्दाम ठेवा. आणि मुलाला आधी ओढत न्यावं लागलं तर न्या, म्हणजे शेजारी बसून हात धरून करून घ्या, आणि त्याचा जोर आला की आपला कमी करत जा.

आता जुन्या पुस्तकांत नसलेला भाग. 2016 मध्ये मायर आणि सेलिगमन यांनीच लिहिलं की आपण मूळ थिअरी उलटी मांडली होती. मधल्या काळात मायरने उंदरांच्या मेंदूवर बरंच काम केलं होतं, आणि त्यातून असं दिसलं की लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळचीच, न शिकताच आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. ब्रेनस्टेममधला (मेंदूच्या तळाचा देठासारखा भाग) डॉर्सल राफे न्यूक्लियस हे केंद्र सेरोटोनिन या रसायनामार्फत ते घडवतं. शिकलं जातं ते नियंत्रण. आपल्या कृतीने फरक पडतोय हे समोरच्या भागातल्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला कळलं की तो खालच्या त्या केंद्राला आवर घालतो. म्हणजे पहिल्या गटातले प्राणी काहीतरी शिकले होते, दुसऱ्या गटात मूळचीच प्रतिक्रिया चालू राहिली. प्रयोगाचे आकडे तेच, अर्थ फिरला, आणि तोही स्वतःच्याच थिअरीचा, पन्नास वर्षांनी. मला याचं मनापासून कौतुक वाटतं. उत्तरात आधी 1967 ची मांडणी लिहा, मग 1978 ची सुधारणा, मग 2016, याच क्रमाने.

एक सावधगिरी. सेलिगमनने हे डिप्रेशनचं मॉडेल म्हणून मांडलं, साम्य बरंच आहे, पण हे निदान नाही. मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली असं दोन आठवडे किंवा जास्त चाललंय तर वरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.

आता हे वाचून झाल्यावर परत वरपासून वाचायला घेऊ नका. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये दाखवलंय की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे असतात. तेव्हा हे बंद करा, कोरा कागद घ्या, तीन चौकोन काढा आणि त्यावर बोट ठेवून दाखवा: ऋण प्रबलन कुठे, विलोपन कुठे, अभिसंधित उद्दीपक कोणता, आश्रित चल कोणतं, आणि दुसरा गट काढून टाकला असता तर कोणता निष्कर्ष काढता आला नसता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत लिहिता आलं नाही तर फक्त तेवढाच परिच्छेद परत वाचा, आणि उद्या पुन्हा कोऱ्या कागदावर काढा.